बत्तीस फरशा

देवरे मॅडमच्या गळ्यात दोन गोष्टी असायच्या, एक मंगळसूत्र आणि एक स्टॉपवॉच. मंगळसूत्र कधीमधी घरी राहायचं, स्टॉपवॉच नाही. काळ्या दोरीत अडकवलेलं, धावण्याच्या शर्यतीत पीटीचे सर वापरतात तसलं. चहाला उकळी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, जिना चढायला किती लागतो ते मोजायचं, आणि प्राचार्यांचं भाषण सुरू झाल्यावर कितव्या मिनिटाला मुलांची चुळबुळ सुरू होते तेसुद्धा मोजून हळूच माझ्या कानात सांगायचं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर. म्हणजे काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बेसिन तुंबलं की काडी घालायची. चौदा वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तेवढ्या वर्षांत त्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी फार तर दहा वेळा पाहिलं असेल.

पहिल्याच दिवशी मी त्यांचे लाखभर जीव मारले. मी नुकती रुजू झालेले, कामाचा उत्साह नको तेवढा. खिडकीत एक बरणी होती. आत गव्हाचं काड कुजलेलं, वर साय धरलेली, आणि वास असा की आमच्या नांदगावच्या गोठ्यात बरं वाटावं. मनात म्हटलं, एवढी शिकलेली माणसं आणि ही घाण उशाशी घेऊन बसतात! बेसिनमध्ये ओतलं, राखेनं बरणी घासली, चकचकीत करून उपडी ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

मॅडम आल्या. बरणी बघितली, मला बघितलं. किती वेळ लागला धुवायला, असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, दोन मिनिटं. तर म्हणाल्या, मला ती वाढवायला अठरा दिवस लागले होते. बस, एवढंच. वाटलं, पहिल्याच दिवशी नोकरी गेली. पण त्यांनी मला संध्याकाळी स्कूटरवर मागं बसवलं आणि चेहेडीला दारणेच्या काठावर नेलं. तिथल्या डबक्यातलं हिरवट पाणी मी बाटलीत भरायचं आणि त्यांनी वर उभं राहून इकडं नको, तिकडचं घे, असं सांगायचं. साडी चिखलात, डोक्यावर डास. माझं डोकं असं फिरलं होतं म्हणून सांगू!

मग काड उकळलं, पाणी घातलं, आणि रोज सकाळी बरणीला नमस्कार करावा तसं वाकून बघणं सुरू झालं. बाराव्या की तेराव्या दिवशी मॅडमनी एक थेंब काचेवर घेतला आणि मला भिंगाला डोळा लावायला सांगितलं. आधी काहीच दिसेना. मग एकदम एक चपलेच्या आकाराचं पारदर्शक काहीतरी झपकन गेलं. मागून दुसरं. ते स्वतःभोवती गिरक्या घेत, मळसूत्रासारखं वळत चाललेलं. एक जाऊन काडाच्या धाग्यावर आपटलं, मागं सरकलं, तोंड फिरवलं आणि दुसऱ्या दिशेनं निघालं. मी भिंगावरून डोळा काढला नाही. पंधरा मिनिटं गेली म्हणे. स्टॉपवॉच बघून मॅडमनीच सांगितलं.

"पॅरामेशियम," त्या म्हणाल्या. "एकच पेशी. ना मेंदू, ना हात, ना पाय. अंगभर बारीक केस आहेत, ते वल्ह्यासारखे मारत जातं. आणि बघितलंस ना, आपटलं तर रुसत नाही. मागं सरकायचं, तोंड फिरवायचं, परत निघायचं."

त्यांचं सगळं शिकवणं या जिवांच्या वेगावर येऊन थांबायचं. मुलांना विचारायच्या, एका सेकंदात तुझ्या उंचीच्या पाचपट पळून दाखवशील का? हे दाखवतं. युग्लिना एका शेपटीवर चालतं, ते याच्यापुढं बैलगाडी. अमिबा तर पोहतच नाही, सरपटतं, त्याला पट्टीवरच्या सेंटीमीटरच्या एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायला एक तास पुरत नाही. आणि सगळ्यात मला आवडायचं ते हे: आपण पाण्यात हात मारून थांबलो तरी थोडं पुढं घसरतो, हे घसरत नाही. इतकं लहान असल्यावर पाणी त्याला काकवीसारखं घट्ट लागतं. केस हलायचे थांबले की ते जागच्या जागी थांबलं. मॅडम म्हणायच्या, "त्याला मागच्या क्षणाची पुण्याई मिळत नाही बाई. दर क्षणी नव्यानं वल्हवायचं." हे सांगताना त्या स्वतः फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत असायच्या.

वेग मोजायची रीत साधी होती. भिंगाखाली जो गोल दिसतो त्याच्या एका काठावरून प्राणी आत शिरला की बटण दाबायचं, दुसऱ्या काठावरून बाहेर पडला की दाबायचं. असे वीस मोजायचे, येईल तो आकडा लिहायचा. एका वर्षी थंडीत मुलींचा एक प्रकल्प चालू होता, थंड पाण्यात वेग किती आणि कोमट पाण्यात किती. नाशिकच्या थंडीत खिडकीतली बरणी बर्फासारखी व्हायची आणि प्राणी पेंगुळल्यासारखे चालायचे, दिव्याजवळ ठेवली की परत धावायला लागायचे. एक मुलगी आजारी पडली म्हणून मॅडमनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. मला कोण अभिमान! पण तो शनिवार होता आणि माझी तीनची नांदगावची गाडी होती. सहा मोजले, घड्याळ बघितलं, आणि उरलेले चौदा मनानंच लिहून टाकले. चार, तीन पूर्णांक नऊ, चार पूर्णांक एक, चार. कोण बघतंय!

सोमवारी मॅडमनी वही उघडली. त्या मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण रागावल्या किंवा मन भरून आलं की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची.

"हाई काय शे?" त्या म्हणाल्या. "मंगल, ही जनावरं आहेत का परेड? जिवंत जीव असा शहाण्यासारखा रांगेत चालत नाही. हळू जाणारा एकही नाही तुझ्या थेंबात?"

मी पण काही कमी नव्हते. म्हटलं, होता एक, लय हळू, मला वाटलं मरायला टेकलाय म्हणून सोडला. आणि मला गाडी होती. यावर त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी नवा थेंब काचेवर घेतला, एक हळू चालणारा शोधून काढला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बघत राहा म्हणाल्या. मी बघत राहिले, मनातून शिव्या देत. तो प्राणी मधोमध बारीक व्हायला लागला होता. बघता बघता कंबर पार दोऱ्याएवढी झाली आणि अर्ध्या तासात एकाचे दोन झाले, दोघं दोन दिशांना निघून गेले. मी जो मरायला टेकलाय म्हणून सोडून दिला होता, तोही असाच असला तर? मला तोंडात मारल्यासारखं झालं. मॅडमनी ती चौदा आकड्यांची ओळ माझ्याच हातानं खोडायला लावली.

सरासरी हा शब्द त्यांना सोसायचा नाही. काढायच्या, मुलांना परीक्षेत लागते म्हणून, पण तोंड वाकडं करून. त्यांचे मिस्टर, देवरे साहेब, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, सारी हयात कंट्रोल रूममध्ये काट्यांसमोर बसण्यात गेलेली. त्यांचं म्हणणं, काटा हलला की काळजी. मॅडमचं म्हणणं, काटा हलला नाही की काळजी. या एका गोष्टीवरून नवराबायकोत जेवायच्या ताटावर वाद चालायचा आणि मी मध्ये बसून भाकरी मोडत दोघांना हो हो म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. सणावाराला माझं ताट तिथंच असायचं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. मॅडमचं अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची ठसठशीत आणि शेवटाकडं मुंग्यांसारखी. चालताना उजवा हात हलायचा नाही, नुसता अंगाला लागून राहायचा. माझ्या लक्षात आलं होतं, पण अशा माणसाला विचारणार कोण? एके दिवशी त्यांनीच मला बाहेर बोलावलं. प्रयोगशाळेच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ व्हरांडा आहे, फूटभर फरशांचा. त्यांनी फरशा मोजल्या, बत्तीस भरल्या. या आपल्या रेघा म्हणाल्या, आणि गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. पूर्वी त्या सहा सेकंदांत जायच्या, हे त्यांनी आधीच कधीतरी मोजून ठेवलं होतं. त्या दिवशी आठ लागले. डॉक्टरांनी पुढं त्याला कंपवात म्हटलं, पण त्याच्या महिनाभर आधी आमच्या वहीत तो लिहिलेला होता.

स्कूटर विकली. घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, पण मध्ये पुणे रस्ता. दत्त मंदिराचा सिग्नल ओलांडायचा. साहेब म्हणाले, रोज रिक्षा कर. मॅडमना रिक्षात बसणं म्हणजे शिक्षा वाटायची. त्यांनी एका रविवारी जाऊन रस्ता मोजला, सिग्नल मोजला. रस्ता भरला चौसष्ट फूट, म्हणजे आमच्या व्हरांड्याच्या नेमका दुप्पट. पायी जाणाऱ्यांना वेळ मिळायचा बावीस सेकंद. मग मला समोर उभं करून नियम सांगितला. रोज सकाळी कॉलेजात आल्यावर आणि संध्याकाळी निघताना बत्तीस फरशा चालायच्या, मी मोजायचं. दहा सेकंदांच्या आत आल्या तर रस्ता एकटीनं ओलांडायचा, दोन सेकंद हाताशी राहतात. एकदा जरी दहाच्या वर गेलं, त्या दिवसापासून रिक्षा.

"एकदा जरी?" मी विचारलं. "रोज नऊ आलं आणि एखाद दिवशी बारा, तरी?"

"सरासरी रस्ता ओलांडत नाही मंगल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जी मी असेन ती ओलांडते."

सात-आठ महिने चांगले गेले. गोळ्या लागू पडल्या होत्या. आठ पूर्णांक चार, नऊ, आठ पूर्णांक नऊ. मी आकडा ओरडून सांगायची, त्या टाकीपाशी वळून मान हलवायच्या आणि पर्स खांद्याला लावून चालू पडायच्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांची पाठ बघायला मला आवडायचं. वाकलेली होती थोडी, पण चालली होती कोणाच्या आधाराशिवाय.

मग दिवाळीनंतरचा एक मंगळवार. संध्याकाळी त्या दारातून निघाल्या. पहिल्या सातआठ फरशा नीट गेल्या आणि एकदम पावलं लहान व्हायला लागली. टाकीपाशी पोचल्या तेव्हा काट्यावर अकरा पूर्णांक सात होतं. त्या वळल्या. माझ्याकडं बघत होत्या, मुलं निकालाच्या दिवशी बघतात तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साडेनऊ."

का म्हणाले? हजारदा स्वतःला विचारलंय. दुसऱ्या दिवशी खरं सांगू असं ठरवलं होतं, देवाशपथ. पण साडेनऊ ऐकून त्यांचा चेहरा जो उजळला, त्यानं माझा घात केला. दुसऱ्या दिवशी नऊ पूर्णांक तीन आलं, खरोखरचं. जीव भांड्यात पडला. म्हटलं, कालचं थकव्यानं झालं असेल, कशाला उगाच त्यांना रिक्षा करायला लावा. तिसऱ्या दिवशी परत साडेदहा. मी नऊ पूर्णांक आठ लिहिलं. आता मी हुशार झाले होते ना! परेड होऊ द्यायची नाही एवढं कळत होतं. कधी नऊ पूर्णांक दोन लिहायचे, कधी नऊ पूर्णांक सात, कधी मध्येच आठ पूर्णांक नऊ. तीन आठवडे मी अशी वही भरली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. रोज त्या फाटकाबाहेर पडल्या की माझी घालमेल सुरू व्हायची, काचा धुताना हातातून सुटायच्या. तरी सकाळी परत तेच.

ज्या दिवशी झालं त्या संध्याकाळी खरा आकडा होता तेरा. मी नऊ पूर्णांक सहा सांगितला होता.

दत्त मंदिरापाशी सिग्नल पडला, त्या निघाल्या, आणि रस्त्याच्या मध्यावर त्यांचे पाय थांबले. जमिनीला चिकटले, असं नंतर म्हणाल्या. सिग्नल सुटला. सगळ्यांनी हॉर्न वाजवले, बहुतेकांनी वळसा घेतला, एका मोटरसायकलचा धक्का लागला. मनगट मोडलं आणि खुब्यापाशी हाड चिरलं. मला फोन आला तेव्हा मी अजून प्रयोगशाळेतच होते, वही समोर उघडी होती. त्या रस्त्यानं मी दवाखान्यात कशी पोचले ते मला आठवत नाही. तीन हा आकडा तेवढा डोक्यात घुमत होता. तेरातून दहा गेले तीन.

वॉर्डात साहेब पायथ्याशी बसले होते. मॅडमच्या हाताला प्लास्टर. चौथ्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्याची वही आणायला सांगितली. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. नाही बोलले. आणून दिली आणि खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले. डाव्या हातानं पानं उलटायला त्यांना फार वेळ लागत होता. प्रत्येक पानाचा आवाज मला ऐकू येत होता.

"सात-आठ महिने बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "नंतरचे तीन आठवडे बघ. यात वाईट दिवस एकही नाही." मग म्हणाल्या, "हळू जाणारा एकही नाही तुझ्या थेंबात."

मी रडायला लागले. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. तुमचा चेहरा बघवत नव्हता.

"तुले काय वाटनं?" त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या पायांचं मला कळू नये? ते सेकंद माझे होते मंगल. बरे असोत, वाईट असोत, माझे होते. तू माझ्याकडून काढून घेतलेस." मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. साहेबांनी मला हातानं जा म्हणून खूण केली.

त्यानंतर मॅडम कॉलेजात परत आल्या नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दीड महिना मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत फिरायची. घरी कोणाशी धड बोलेना, भाजीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी एकदाही नाही. प्रयोगशाळेतली बरणी मात्र मी वाढवत राहिले. शेवटी एका रविवारी तीच उचलली, तोंडाला फडकं बांधलं आणि बेल वाजवली. दार साहेबांनी उघडलं. मॅडम आत पलंगावर होत्या. वास आल्याबरोबर मान वळवली. किती दिवसांची, असं विचारलं. मी सांगितलं, अठरा.

त्यांनी मला जवळ बोलावलं. "आपटलीस ना?" म्हणाल्या. "मग मागं सरक, तोंड फिरव, परत नीघ. गल्लीच्या तोंडाशी काय घुटमळतेस? साहेब रोज गच्चीतून बघतात तुला."

बरणी त्यांच्या खोलीतल्या खिडकीत ठेवली. पलंगापासून खिडकीपर्यंत बारा फरशा. मॅडमनी स्टॉपवॉच उशीखालून काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी नको म्हटलं, साहेबांना द्या म्हटलं. तर म्हणाल्या, ते काटा स्थिर दिसावा म्हणून दोन दिवसांचा एकच आकडा लिहितील, आणि तू आता चुकणार नाहीस कारण तू चुकून बसली आहेस. साहेब स्वयंपाकघरातून हे ऐकून हसले, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. तेव्हापासून दर शनिवारी आणि रविवारी मी जायची. त्या वॉकर धरून निघायच्या, मी मोजायची, येईल तो आकडा मोठ्यानं सांगायची. वीस. सव्वीस. बावीस. एकदा छत्तीस सांगताना माझा आवाज फुटला, तर त्यांनी मला नीट परत सांगायला लावलं.

एकदा त्या मधल्याच फरशीवर थांबल्या. पाय उचलेना. मी धावायला लागले तर हातानं थांबवलं. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, या जिवांना पाणी कसं लागत असेल ते मी तीस वर्षं शिकवलं, पण त्या दिवशी रस्त्यात पहिल्यांदा कळलं. चारी बाजूंनी काकवी. मागचं काही उपयोगाला येत नाही, दर पाऊल नव्यानं टाकावं लागतं. मग पाऊल पडलं. घड्याळ मी चालूच ठेवलं होतं, ते थांबलेले सगळे सेकंद त्यात धरून.

गेल्या होळीनंतर त्या गेल्या, न्युमोनियाचं निमित्त झालं. स्टॉपवॉच माझ्याकडं आहे. दत्त मंदिराच्या सिग्नलला उभी राहिले की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी मोजायला लागते, समोरून येणारी म्हातारी माणसं बघते, कोणाचं पाऊल लहान होतंय का ते बघते, आणि आजूबाजूच्यांना वाटतं या बाईला काय झालंय. वाटू दे वाटायचं तर. पण आठवण सांगायची तर त्या सिग्नलची नाही, शेवटच्या रविवारची सांगते.

ताप तेव्हा सुरू झालेला नव्हता, पण अंगात काही उरलं नव्हतं. साहेब म्हणाले, आज राहू दे. त्या ऐकेनात. वॉकर धरला, मी दाराशी उभी राहून बटण दाबलं. पहिली फरशी. दुसरी. पाचव्या फरशीवर थांबल्या, परत निघाल्या. माझा अंगठा बटणावर होता आणि मला कळत होतं की आता दाबलं तर कोणाला कळणार नाही, त्यांनासुद्धा नाही, नजर इतकी मंदावली होती. अंगठा दुखायला लागला. मी दाबलं नाही. खिडकीतल्या बरणीला त्यांचा हात लागला, तेव्हा दाबलं.

त्यांना धाप लागली होती. मान वळवायलाही वेळ लागला.

"कितला?"

"सत्तेचाळीस."

"आणि काल?"

"एकेचाळीस."

त्यांनी हिशेब केला असावा. बरणीवर हात तसाच होता, उन्हात पाणी हिरवं दिसत होतं. आणि देवरे मॅडम हसल्या, वर्गात कोणी बरोबर उत्तर दिलं की हसायच्या तशा.

"बघ," म्हणाल्या, "परेड नाही. जिवंत शे मी आजून. लिही."

मी लिहिलं, सत्तेचाळीस.